वेडीवाकडी फळे आणि भाज्या वाया जाऊ न देण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिसण्यात उणी असलेली फळे आणि भाज्या म्हणजे नेमकी कोणती?

आकाराने वेडीवाकडी, ठरलेल्या मापापेक्षा लहान किंवा मोठी भरलेली, सालीवर ओरखडा, डाग अथवा खपली असलेली, सगळीकडे सारखा रंग न चढलेली, जुळी झालेली किंवा फाटे फुटलेली फळे आणि भाज्या या वर्गात येतात. त्यांचा आतला गर खाण्याजोगा असतो आणि उणीव असते ती केवळ दिसण्यात. सडलेला, बुरशी चढलेला, पाणी सुटून आंबूस वास येऊ लागलेला माल या वर्गात येत नाही, आणि तो कितीही तळमळीने वाचवावासा वाटला तरी माणसाच्या ताटात जाऊ नये. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की एकीकडे चांगले अन्न फेकले जाते आणि दुसरीकडे वाईट अन्न काटकसरीच्या नावाखाली खाल्ले जाते. म्हणून पुढील बहुतेक उत्तरे या दोहोंमधला फरक ओळखण्याविषयी आहेत.

गाजराला दोन पाय फुटतात किंवा काकडी वाकते, ती कशामुळे?

बहुतेक वेळा यामागे वाढीच्या काळातली एखादी साधी घटना असते. गाजराचे सोटमूळ जमिनीत उतरत असताना त्याच्या टोकाला खडा लागला, मातीचा घट्ट थर आडवा आला किंवा मातीतल्या अतिसूक्ष्म किड्यांनी, म्हणजे सूत्रकृमींनी, ते टोक कुरतडले, तर तिथली वाढ थांबते आणि बाजूची मुळे जाड होऊ लागतात. गाजर उपटल्यावर दिसणारे दोन-तीन पाय म्हणजे हीच मुळे होत. काकडीच्या दोन्ही बाजू सारख्या वेगाने वाढल्या नाहीत, पाण्याचा ताण पडला, परागीभवन अपुरे राहिले किंवा कोवळे फळ पानाला वा तारेला अडकले, तर ती वाकते. टोमॅटोला फुलोऱ्याच्या सुमारास थंडी बाधली, तर फळाच्या तळाशी घड्या आणि तपकिरी व्रण उरतात. कोरड्या दिवसांनंतर एकदम भरपूर पाणी मिळाले, तर गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि देठाभोवती भेगा पडतात. काही सफरचंदांवर दिसणारी खरखरीत तपकिरी झाक हा तर झाडानेच तयार केलेला बुचासारखा थर असतो; दव, थंडी किंवा फवारणीमुळे कोवळ्या सालीला इजा झाली की तो तिच्यावर धरतो.

गारपिटीचा मार बसलेले एखादे सफरचंद हातात घेऊन नीट पाहावे. गार लागली त्या जागी साल किंचित आत दबलेली असते, कडेने गडद आणि मधोमध कोरडी दिसते, आणि बोट फिरवल्यास खरखरीत लागते. सुरीने उभे कापले की त्या खळगीखाली तपकिरी, कोरडा आणि अगदी पातळ थर दिसतो, आणि त्याच्या पलीकडचा गर बाकीच्या फळासारखाच घट्ट व रसदार असतो. ही जखम फळ झाडावर असतानाच भरून आलेली असते. याउलट काढणीनंतर पेटीत आदळून झालेली जखम ओलसर आणि मऊ राहते, आणि तिथून बुरशीला आत शिरायला वाट मिळते. कोरडा व्रण आणि ओली जखम यांतला हा फरक एकदा बोटांना कळला, की निवडण्याचे निम्मे काम सोपे होते.

केवळ दिसण्यावरून माल नाकारतो कोण?

एकट्या दुकानदाराला किंवा एकट्या ग्राहकाला दोष देऊन भागत नाही, कारण नकाराची साखळी शेतापासूनच सुरू होते. प्रतवारीत आपला माल बाद होणार हे ठाऊक असलेला शेतकरी तो काढतच नाही, कारण काढणीची मजुरी, पेट्या आणि वाहतूक यांचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. पुढे प्रतवारीच्या पट्ट्यावर, मग घाऊक खरेदीत, मग दुकानाच्या मांडणीत आणि शेवटी ग्राहकाच्या हातून, अशी प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गळती होत जाते.

लिखित नियमांचाही यात वाटा आहे. संयुक्त राष्ट्रांचा युरोपसाठीचा आर्थिक आयोग फळा-भाज्यांच्या व्यापारासाठी प्रमाणके ठरवतो आणि त्यांत मालाच्या प्रती पाडलेल्या असतात. युरोपीय संघाच्या १९८८ च्या नियमानुसार वरच्या प्रतीच्या काकडीचा बाक दर १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त असून चालत नसे. या नियमावर बरीच टीका झाली, आणि १ जुलै २००९ पासून युरोपीय संघाने २६ प्रकारच्या फळा-भाज्यांची अशी विशिष्ट प्रमाणके रद्द केली. सफरचंद, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, द्राक्षे अशा १० प्रकारांची मात्र कायम ठेवली. कायदा सैल झाल्यानंतरही मोठ्या खरेदीदारांनी करारात घातलेल्या आकार, वजन आणि रंगाच्या अटी सुटल्या नाहीत, आणि आज अधिक अडचण त्यांचीच आहे.

प्रमाणके सरसकट निरर्थक आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. दूरवरच्या दोन व्यापाऱ्यांना माल न पाहता सौदा करता यावा, पेटीत फळे नीट बसावीत आणि यंत्राने ती हाताळता यावीत, यासाठी सारखेपणाचा उपयोग होतो. आक्षेप आहे तो सारखेपणालाच गुणवत्ता समजण्यावर.

जगात एकूण किती अन्न वाया जाते?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा सुमारे १९ टक्के भाग. या आकड्यात साली, बिया, हाडे असे न खाल्ले जाणारे भागही धरलेले आहेत. त्यातले ६० टक्के घरांतून, २८ टक्के उपाहारगृहे व सामुदायिक भोजनव्यवस्थांतून आणि १२ टक्के किरकोळ दुकानांतून गेले. काढणीनंतर आणि दुकानात पोहोचण्यापूर्वी होणारी नासाडी याहून वेगळी मोजली जाते. अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार ती सुमारे १३ टक्के आहे, आणि फळे व भाज्या नाशवंत असल्यामुळे त्यांच्यात हे प्रमाण अधिक आढळते. काढलाच न गेलेला, शेतातच राहिलेला माल यांपैकी कोणत्याही आकड्यात धड धरला जात नाही.

अन्नाची नासाडी आणि अपव्यय यांच्यामुळे होणारे उत्सर्जन जगातील एकूण हरितगृह वायूंच्या ८ ते १० टक्के मानले जाते. किरकोळ विक्री आणि ग्राहक या पातळीवरचा दरडोई अपव्यय २०३० पर्यंत निम्म्यावर आणणे, हे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी बाराव्या उद्दिष्टात लिहिलेले आहे. दरवर्षी २९ सप्टेंबर हा दिवस याच विषयाच्या जागृतीसाठी पाळला जातो.

असा माल रस, सॉस किंवा मुरंबा करणाऱ्या कारखान्यांकडे तसाही जातच असतो ना? मग आपण नेमके काय वाचवतो?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा, आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळायला हवे. होय, यातला बराच माल आधीपासून कामी येतो. डागाळलेल्या सफरचंदांचा रस होतो, भेगाळलेल्या टोमॅटोंचा सॉस होतो, लहान बटाटे पिठासाठी किंवा जनावरांसाठी जातात. कॅलिफोर्नियातील माइक युरोसेक या उत्पादकाने १९८० च्या दशकात मोडक्या आणि वाकड्या गाजरांचे तुकडे करून, तासून, छोट्या गुळगुळीत गाजरांसारखे विकायला सुरुवात केली. पुढे त्या देशात गाजर खाण्याची पद्धतच त्यामुळे बदलली.

म्हणून ‘आम्ही इतके टन अन्न वाचवले’ असे कोणी सांगितले, तर तो माल अन्यथा कुठे गेला असता, हे विचारणे गरजेचे आहे. रसाच्या कारखान्यात जाणारे सफरचंद तिथून काढून घरपोच पेटीत घातले, तर फक्त त्याचे गिऱ्हाईक बदलले. अन्न काही वाचले नाही. शेतकऱ्याला त्यातून अधिक पैसे मिळाले असतील तर ते निश्चितच चांगले आहे, पण त्याला अपव्यय टाळणे म्हणता येत नाही. खरी बचत होते ती ज्या मालाला दुसरा मार्गच नसतो तिथे. कारखाना दूर आहे, मालाचे प्रमाण इतके थोडे आहे की कोणी गाडी पाठवत नाही, पालेभाजी किंवा कोशिंबिरीची पाने अशी वस्तू आहे की जिचा टिकाऊ पदार्थ होत नाही, किंवा मोठ्या खरेदीदाराने आयत्या वेळी मागणी रद्द केली आहे, अशा जागा शोधून काढाव्या लागतात.

दुसरी अट याहून साधी आहे, आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. वाचवलेली भाजी कोणाच्या तरी पोटात गेली पाहिजे. शेतात कुजली असती ती भाजी घरातल्या शीतकपाटाच्या तळाशी कुजली, तर दरम्यानची वाहतूक, वेष्टन आणि वीज वाया गेली, म्हणजे तोटा वाढलाच. शेतात राहिलेले पीक निदान नांगरून मातीत मिसळते, आणि त्यातली काही पोषकद्रव्ये जमिनीला परत मिळतात. माल खाल्ला गेला तरच तो वाचला, ही कसोटी मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाची वाटते.

अशा फळांची चव किंवा पोषणमूल्य कमी असते का?

आकाराचा पोषणाशी संबंध नाही. जात कोणती, फळ कितपत पिकल्यावर काढले, काढून किती दिवस झाले आणि या काळात ते कसे ठेवले, यांवर जीवनसत्त्वे आणि चव अवलंबून असतात. आज काढलेले वाकडे गाजर आठवडाभर साठवलेल्या सरळ गाजरापेक्षा सरसच असणार. वेडीवाकडी फळे जास्त पौष्टिक असतात, असेही अधूनमधून सांगितले जाते. सरसकट तसे म्हणायला आधार नाही आणि त्याची गरजही नाही.

कोणता दोष चालतो आणि कोणता चालत नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

डोळे, बोटे आणि नाक या तिघांचे मत घ्यावे. कोरडा व्रण, खपली, रंगातला फरक, बाक, फाटा, जुळेपणा हे सगळे चालते. मार लागून गर तपकिरी झाला असेल आणि वास ताजा असेल, तर तेवढा भाग कापून उरलेले फळ लगेच वापरावे. हा तपकिरी रंग पेशी फुटल्यावर त्यांतले घटक हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावल्यामुळे येतो, आणि तो म्हणजे सड नव्हे. टोमॅटोच्या तळाचा काळा, चामड्यासारखा डाग बहुधा फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पुरेसे न पोहोचल्यामुळे पडतो. तोही कापून टाकल्यावर वरचा घट्ट भाग खाता येतो, मात्र त्या जागी बुरशी शिरली असेल तर फळ सोडून द्यावे. सुकून मऊ पडलेली गाजरे आणि मलूल पाने थंडगार पाण्यात थोडा वेळ ठेवली की पुष्कळदा पुन्हा ताठ होतात, कारण त्यांच्यातून गेलेले असते ते मुख्यतः पाणी.

बुळबुळीतपणा, आंबूस किंवा कुबट वास, दाबल्यावर झिरपणारे पाणी आणि सालीवर उमललेली बुरशीची लव यांपैकी काहीही दिसले, तर सावध व्हावे. भेग पडलेले फळ त्याच दिवशी शिजवणे उत्तम. ते ठेवून देऊन दोन दिवसांनी खायचा विचार करू नये.

बुरशीचा भाग कापून उरलेले खाल्ले तर चालते का?

ते फळ किंवा भाजी किती घट्ट आहे, यावर हे ठरते. कोबी, गाजर, भोपळी मिरची अशा घट्ट भाज्यांवर बुरशीचा छोटा ठिपका असेल, तर त्याच्या भोवतालचा आणि खालचा निदान अडीच सेंटिमीटर भाग कापून टाकावा, कापताना सुरी बुरशीला लागू देऊ नये, आणि मग उरलेला भाग वापरावा. टोमॅटो, काकडी, पीच, स्ट्रॉबेरी अशा मऊ आणि रसाळ फळांत बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात. अशी फळे पूर्ण टाकून द्यावीत. वास घेण्यासाठी बुरशी नाकाजवळ नेऊ नये, कारण तिचे बीजाणू श्वासाबरोबर आत जातात.

बटाटा हिरवा पडला किंवा त्याला कोंब आले, तर?

हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि तो स्वतः निरुपद्रवी आहे, पण ज्या उजेडामुळे तो येतो त्याच उजेडामुळे सोलानिन आणि त्याच्या वर्गातली विषारी द्रव्येही बटाट्यात वाढतात. ही द्रव्ये उकळून किंवा तळून नाहीशी होत नाहीत. हिरवटपणा थोडा आणि सालीपुरताच असेल, तर तो भाग जाड कापून काढावा, आणि कोंब त्यांच्या डोळ्यांसकट खोलवर काढावेत. बटाटा बराच हिरवा झाला असेल, सुरकुतून मऊ पडला असेल किंवा शिजवल्यावर कडू लागला, तर तो खाऊ नये. ओबडधोबड आकाराच्या बटाट्याला यातले काहीच लागू नाही. तो फक्त सोलायला थोडा किचकट असतो.

चांगली दिसणारी भाजी धोकादायक असू शकते का?

असू शकते, आणि म्हणूनच दिसण्यावर एवढा भरवसा ठेवणे चुकीचे आहे. काकडी, दुधी, झुकिनी या कुळातल्या फळांत कधीकधी कुकुरबिटासिन हे कडू द्रव्य जास्त प्रमाणात तयार होते. फळ बाहेरून अगदी नितळ दिसते, पण खाल्ल्यास उलट्या, जुलाब आणि गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि शिजवल्याने हा धोका जात नाही. या कुळातले फळ कापल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि तो कडू लागला तर थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे. येथे काटकसर मुळीच करू नये.

झाडाखाली गळून पडलेली फळे वापरावीत का?

नुकतीच पडलेली आणि साल न फुटलेली फळे स्वच्छ धुऊन, शिजवून वापरता येतात. जमिनीवर पडून राहिलेल्या फळांची गोष्ट वेगळी असते. जनावरांच्या विष्ठेतले जंतू फुटलेल्या सालीतून आत जाऊ शकतात, आणि सफरचंदावर वाढणारी एक निळी-हिरवी बुरशी पॅट्युलिन हे विष तयार करते. पॅट्युलिन रस तापवल्यानेही पुरते नष्ट होत नाही, म्हणून अनेक देशांत सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्राम इतकी ठरवलेली आहे. ‘नाहीतरी रसच काढायचा आहे’ असे म्हणून सडकी फळे यंत्रात घालण्याची सवय याच कारणासाठी घातक आहे. रसासाठी फळे निवडताना ती तशीच खायची असल्यासारखी निवडावीत.

असा माल घरी आणल्यावर कसा ठेवावा?

आणल्याबरोबर निवडावा, हे सर्वांत मोलाचे. ज्यांना ओली जखम आहे ती फळे वेगळी काढून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवावीत, आणि कोरड्या व्रणाची फळे नेहमीसारखी साठवावीत. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, या म्हणीला शास्त्राचा आधार आहे: मार लागलेले फळ इथिलीन वायू अधिक सोडते, त्यामुळे शेजारची फळे लवकर पिकतात, आणि सडीचे बीजाणूही जवळच्या फळांवर सहज पोहोचतात. सफरचंद, पिकलेली केळी आणि टोमॅटो हे इथिलीन भरपूर सोडतात. पालेभाज्या, ब्रोकोली, काकडी आणि गाजरे यांना ते सोसत नाही, म्हणून या दोन गटांना एका टोपलीत ठेवू नये. बटाटे अंधाऱ्या, थंड आणि हवेशीर जागी ठेवावेत, आणि कांदे त्यांच्यापासून दूर ठेवावेत.

धुण्याचे काम वापरण्याच्या आधी करावे, साठवण्याच्या आधी नव्हे. ओलाव्याने बुरशी वाढते. वाहते स्वच्छ पाणी पुरते, साबण वापरू नये. फाटे फुटलेल्या गाजराच्या बेचक्यात आणि टोमॅटोच्या घड्यांत माती अडकून बसते, तिथे मऊ ब्रश फिरवावा. कापलेली फळे दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नयेत.

एकदम पुष्कळ माल मिळाला आणि तो संपणार नाही असे दिसले, तर काय करावे?

पहिला उपाय म्हणजे वाटून टाकणे, आणि तो पहिल्याच दिवशी करावा. दोन दिवस ठेवून मग शेजाऱ्यांकडे नेलेली भाजी त्यांच्याही घरी टाकूनच दिली जाते. त्यानंतर गोठवणे. बहुतेक भाज्या आधी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात गार कराव्यात, म्हणजे रंग आणि चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात, आणि मग कोरड्या करून उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवाव्यात. फळांचे तुकडे पसरून गोठवून मग पिशवीत भरले की एकमेकांना चिकटत नाहीत. वाळवणे, मुरंबा, लोणचे, दाट सूप हे मार्ग आकाराची मुळीच पर्वा करत नाहीत, आणि वेड्यावाकड्या मालाला ते सर्वांत जास्त मानवतात.

बरणीत हवाबंद करून बाहेर ठेवण्याच्या पद्धतीविषयी मात्र विशेष काळजी हवी. ज्या पदार्थाचा सामू ४.६ पेक्षा जास्त असतो, म्हणजे जो पुरेसा आंबट नसतो, त्याच्या हवाबंद बरणीत बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. गाजर, मका, शेंगा अशा भाज्या बरणीत भरायच्या असतील तर दाबाखाली ठरलेल्या तापमानावर, तपासून पाहिलेल्या कृतीनेच भराव्यात. टोमॅटोचा सामू या सीमेच्या आसपास असल्यामुळे त्यात प्रमाणात लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल घालतात. ही सोय नसेल तर गोठवणेच बरे.

घरपोच येणाऱ्या ‘वाकड्या भाज्यांच्या पेटी’ची वर्गणी घ्यावी का?

घरातले लोक किती वेळा स्वयंपाक करतात, यावर ते अवलंबून आहे. पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे २०१३ मध्ये ‘फ्रुता फेया’ ही सहकारी संस्था सुरू झाली. ती शेतकऱ्यांकडून नाकारलेला माल विकत घेते आणि सभासद आठवड्याला ठरलेल्या ठिकाणी येऊन आपली टोपली घेऊन जातात. ही रचना मला विशेष पटते, कारण तीत शेतकऱ्याला मोबदला मिळतो, मधली साखळी छोटी राहते आणि दारोदार गाडी फिरत नाही. इतरत्र याच कल्पनेवर घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. वर्गणी घेण्यापूर्वी माल कुठून येतो, तो अन्यथा कुठे गेला असता, एखादा आठवडा वगळता येतो का आणि नको असलेली भाजी बदलता येते का, हे विचारून घ्यावे. उत्तरे गोलगोल मिळाली, तर जवळच्या विक्रेत्याला ‘बाजूला काढलेला माल द्या’ म्हणून सांगणे अधिक उपयोगी ठरते.

पेटी सुरू केली आणि दर आठवड्याला काहीतरी टाकून द्यावे लागत असेल, तर लहान पेटी घ्यावी किंवा बंद करावी. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

माल स्वस्त विकल्याने शेतकऱ्याचे नुकसान होत नाही का?

किंमत कशी ठरते, यावर हे अवलंबून आहे. २०१४ मध्ये फ्रान्समधील इंटरमार्शे या दुकानसाखळीने वेडीवाकडी फळे-भाज्या स्वतंत्र मांडणीत, ३० टक्के कमी किमतीला विकली आणि त्यांचा रस व सूप चाखायला ठेवले. या प्रयोगाची चर्चा जगभर झाली आणि पुढे अनेक देशांतल्या दुकानांनी त्याचे अनुकरण केले. ग्राहकाला सवलत मिळणे योग्यच, पण ती सवलत संपूर्णपणे शेतकऱ्याच्या खिशातून निघाली, तर पुढच्या हंगामात तो माल शेतातच सोडेल. काढणी, पेट्या आणि वाहतूक यांचा खर्च भागून हातात काही उरेल एवढी किंमत त्याला मिळालीच पाहिजे. शिवाय दुसरी प्रत फार स्वस्त झाली तर ती पहिल्या प्रतीचाच भाव पाडते, ही शेतकऱ्यांची भीती निराधार नाही. माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे करारातल्या अटीच रुंद करणे, म्हणजे मापाची मर्यादा थोडी सैल करून सरळ आणि वाकडे एकाच पेटीत, एकाच भावाने विकणे. वेगळी मांडणी केली की ‘हे कमअस्सल आहे’ असे आपणच सांगत असतो.

शेतात राहिलेला माल गटाने गोळा करायचा असेल, तर सुरुवात कशी करावी?

शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय शेतात पाऊल टाकू नये. कोणत्या ओळी काढायच्या, अलीकडे फवारणी झाली आहे का आणि तिच्यानंतर काढणीपर्यंत सोडायचा काळ उलटला आहे का, हे त्याच्याकडून समजून घ्यावे. माल घेणारे ठिकाण, म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघर, वसतिगृह किंवा गरजूंना अन्न वाटणारी अन्नपेढी, आधी निश्चित करावे आणि मगच काढणीची तारीख ठरवावी. क्रम उलटा झाला की संध्याकाळी उन्हाने मलूल झालेल्या पेट्या घेऊन घेणारा शोधत फिरावे लागते. काढणी सकाळच्या गारव्यात करावी, पेट्या उथळ असाव्यात आणि त्या सावलीत ठेवाव्यात. उत्साहाच्या भरात पेट्या शिगोशीग भरल्या जातात आणि तळाची फळे चिंबतात, हे या कामात नेहमी दिसते.

दान केलेल्या मालामुळे कोणी आजारी पडले, तर जबाबदारी कोणाची?

हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. अमेरिकेत १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्यांना, अक्षम्य हयगय नसेल तर, संरक्षण दिले आहे. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्यानुसार ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना न विकले गेलेले, खाण्याजोगे अन्न नष्ट करता येत नाही आणि ते दान करण्यासाठी संस्थांशी करार करावा लागतो. आपल्याकडचा नियम तपासूनच काम सुरू करावे. कायदा काहीही असला, तरी जे आपण स्वतःच्या घरी खाणार नाही ते दानात देऊ नये. गरजू माणसाला सडके देऊन अपव्यय कमी केल्याचे समाधान मिळवणे, हा त्या माणसाचा अपमान आहे.

माणसांच्या उपयोगाचे जे उरत नाही, त्याचे काय करावे?

ते जनावरांना द्यावे, मात्र बुरशी आलेला माल आणि हिरवे बटाटे त्यांनाही देऊ नयेत, आणि घरातल्या उष्ट्याविषयीचे स्थानिक नियम पाहावेत. त्यानंतर जैववायू किंवा कंपोस्ट. कचराभूमीत हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन बाहेर पडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते, म्हणून तिथे अन्न जाऊ न देणे हे शेवटचे पण महत्त्वाचे काम. घरात कंपोस्टची टोपली असली की टाकताना मन कचरत नाही, हा तिचा एक तोटाही आहे.

खरोखर किती वाचले, हे कसे मोजावे?

आणलेल्या मालाचे वजन म्हणजे वाचवलेल्या मालाचे वजन नव्हे. घरी असो वा गटात, दोन नोंदी ठेवाव्यात: आत काय आले, आणि न खाता बाहेर काय गेले. बाहेर गेलेल्या मालासमोर कारणही लिहावे, उदाहरणार्थ उशिरा निवडला, जास्त आला, कसा शिजवायचा हे कोणाला माहीत नव्हते, घेणारे ठिकाण बंद होते. काही आठवड्यांत एखादे कारण पुन्हा पुन्हा येताना दिसेल. पुढच्या खेपेला पेटी किती मोठी घ्यायची, कोणती भाजी नको म्हणायची आणि वाटपाचा वार कोणता ठेवायचा, हे त्याच कारणावरून ठरवावे.